हुकूम मोडला, की वळवला?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. नीतिशास्त्राच्या पेपरासाठी आमच्याकडे ज्या नोट्स फिरतात, त्यात ‘सदसद्विवेकबुद्धी’खाली एक उदाहरण आहे. हिटलरचा मंत्री अल्बर्ट श्पेअर यानं १९४५ मध्ये स्वतःच्याच देशातले कारखाने, खाणी, पूल उडवण्याचा ‘निरो हुकूम’ धुडकावला आणि जीव धोक्यात घालून जर्मन जनतेला वाचवलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणतो, ही त्याची तुरुंगातून सुटल्यावरची बनवाबनवी आहे. खरं काय? आणि पेपरात हे लिहावं का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: आधी हुकूम नीट बघू, कारण नोट्समध्ये तो एका ओळीत उरकलेला असतो.

तारीख १९ मार्च १९४५. अमेरिकन फौजा बारा दिवसांपूर्वीच रेमागेनच्या पुलावरून ऱ्हाईन ओलांडून आल्या होत्या, रशियन फौजा ओडर नदीवर येऊन ठेपल्या होत्या. हिटलरनं सही केलेल्या कागदाचा सरकारी विषय होता ‘राइशच्या हद्दीतील विध्वंसाच्या उपाययोजना’. निरो हे नाव मागाहून चिकटलं, जळत्या रोमच्या गोष्टीवरून. शत्रूला आज ना उद्या उपयोगी पडेल असं लष्कराचं, दळणवळणाचं, उद्योगांचं, रसदीचं जे जे असेल ते नष्ट करा, असा मजकूर. लष्करी ठिकाणं सैन्यानं उडवायची. बाकीची जबाबदारी गाउलायटरांकडे, म्हणजे पक्षाच्या प्रांतप्रमुखांकडे.

ज्यानं सरकारी किंवा सहकारी नोकरी केली आहे, त्याची नजर या शेवटच्या कलमावर थांबेल. श्पेअर फेब्रुवारी १९४२ पासून शस्त्रनिर्मिती मंत्री. कारखाने त्याचे, कोळसा त्याचा, वीज त्याची. आणि या कागदानं त्याच्या खात्याची चावी पक्षवाल्यांच्या हातात दिली. त्याचा विरोध कशामुळे होता हे तपासताना हेही कारण यादीत धरा. खात्याची हद्द ओलांडली की भले भले साहेब अचानक तत्त्वनिष्ठ होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दग्धभू, म्हणजे शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आपलाच मुलूख जाळणं, म्हटलं की आपल्याला १७७९ चा जानेवारी आठवतो. इंग्रज पुण्यावर चालून आले तेव्हा मराठ्यांनी तळेगाव जाळलं होतं, आणि इंग्रजांना शेवटी वडगावात तह करावा लागला. पण ते चालून येणाऱ्याला उपाशी मारण्यासाठी होतं, आणि जाळणाऱ्यांना जिंकून परत तिथेच नांदायचं होतं. निरो हुकूम निघाला तेव्हा परत नांदायचा प्रश्न उरलेला नव्हता. युद्ध हरलं तर हे राष्ट्रही जाईल, मग लोकांना जगायला लागणाऱ्या गोष्टींची फिकीर करायचं कारण नाही, अशा अर्थाचं हिटलरचं बोलणं प्रसिद्ध आहे. ते आपल्यापर्यंत आलं कुठून? श्पेअरनं २९ मार्चला हिटलरलाच लिहिलेल्या पत्रातून. या प्रकरणातले बरेचसे रंगतदार तपशील एकाच दुकानातले आहेत, हे ध्यानात राहू द्या. आणखी एक त्याच दुकानातला: १९ मार्च हा श्पेअरचा चाळिसावा वाढदिवस. विध्वंसाला विरोध करणारं आपलं १५ मार्चचं टिपण हिटलरच्या हाती पोचवून त्याच भेटीत त्यानं हिटलरचा सही केलेला फोटो मागितला. फोटो मिळाला, लाल चामड्याच्या पाकिटात.

आता यंत्रांकडे येतो, कारण वादाची मेख तिथे आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. एकतीस वर्षं साखर कारखान्यात काढली. फिटर म्हणून चिकटलो आणि इंजिनिअरिंगच्या डिपार्टमेंटमधूनच रिटायर झालो. त्यामुळे श्पेअरच्या कागदांतला एक शब्द मी वाचला तेव्हा मला आमचं मिल हाऊसच दिसलं. जर्मन शब्द ‘लेमुंग’. म्हणजे लुळं करणं. कारखाना उडवायचा नाही, त्यातले मोजके भाग काढून न्यायचे. यंत्र जागेवर उभं, पण चालत नाही. भाग परत बसवला की चालू.

आमच्याकडे एकदा संचालक मंडळात दोन तट पडले. एक तट रात्रीतून येऊन कारखान्याचा ताबा घेणार आणि सकाळी मोळी टाकणार अशी बोलवा उठली. वरून तोंडी निरोप आला, “मिल फिरता कामा नये. काय करायचं ते करा.” कागदावर काही नाही, अर्थातच. एक गरम डोक्याचा पोरगा घण घेऊन गिअरबॉक्सकडे निघाला. आमच्या थोरल्या फिटरनं त्याला बाजूला केलं, टर्बाईनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा पायलट व्हॉल्व्ह उतरवला, ग्रीस फासलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि डालड्याच्या डब्यात घालून सायकलला लावला. हाताच्या पंजाएवढा भाग. तो नसेल तर ते टर्बाईन म्हणजे नुसतं लोखंड. लॉगबुकात मी लिहिलं, “गव्हर्नर तपासणीसाठी काढला.” चार दिवसांनी तडजोड झाली, डबा परत आला, दीड तासात मिल फिरली. घण बसला असता तर हंगाम गेला असता आणि ऊस शेतात वाळला असता.

पुढल्या वर्षी मोळीपूजनाला साहेबांनी भाषणात सांगितलं की, त्या रात्री गव्हर्नर काढायचा निर्णय त्यांचा होता. त्या रात्री साहेब तालुक्याच्या गावी गेस्ट हाऊसवर होते. फिटर मांडवाच्या कडेला उभा राहून शेंगा खात होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि टरफल थुंकलं, एवढंच.

माझ्या लॉगबुकातली ती ओळ मात्र विसरू नका, तिच्याकडे परत यायचं आहे.

श्पेअरनं ही लुळं करण्याची युक्ती १९४४ च्या शरदातच काढली होती, फ्रान्स-बेल्जियममधून जर्मन फौजा मागे हटत होत्या तेव्हा. हिटलरला त्यानं असं पटवलं, की हा मुलूख आपण लवकरच परत घेणार आहोत. मग कारखाने उडवून आपलंच नुकसान कशाला? हिटलरला हा युक्तिवाद नाकारता येईना, कारण नाकारणं म्हणजे मुलूख परत मिळणार नाही असं कबूल करणं. श्पेअरची बाजू घेणारे म्हणतात, पाहा किती हुशारीनं बोट धरून वळवला. असेलही. पण विजयावर खरोखर विश्वास असलेल्या मंत्र्यानंही अगदी हेच लिहिलं असतं.

मार्च १९४५ मध्ये पुढे काय झालं तेही नोट्समध्ये येत नाही. ३० मार्चला, म्हणजे अकराव्या दिवशी, हिटलरनं दुसरा हुकूम काढला. उद्योगांच्या बाबतीत अंमलबजावणीचा अधिकार पुन्हा श्पेअरच्या मंत्रालयाकडे आला आणि नष्ट करण्याऐवजी लुळं करणं चालेल अशी पळवाटही मिळाली. त्याआधी हिटलरनं त्याला, युद्ध अजून जिंकता येईल यावर विश्वास आहे असं सांग, म्हणून चोवीस तासांची मुदत दिली होती. परत येऊन त्यानं सांगितलं, मी बिनशर्त तुमच्या पाठीशी आहे. हेसुद्धा त्याच्याच तोंडचं. तेव्हा ३० मार्चनंतर त्यानं जे केलं त्याला हुकूम मोडणं म्हणायचं की हातात आलेला अधिकार आपल्या सोयीनं वापरणं, हे तुम्हीच ठरवा. मी असतो तर ‘वळवला’ असं लिहिलं असतं.

म्हणून त्यानं काहीच केलं नाही असं नव्हे. १९ ते ३० मार्चच्या मधल्या दिवसांत तो रूरच्या कोळसापट्ट्यात फिरला, पोलादवाल्यांना आणि गाउलायटरांना भेटला, उडवाउडवी लांबवा म्हणून सांगत राहिला. रूरच्या खाणी पाण्यानं भरून टाकायचा बेत होता. खाण म्हणजे काय, पंपावर जगणारा जीव. जमिनीखाली पाणी रात्रंदिवस झिरपत असतं, पंप बंद पडला की ते चढत जातं, मोटारींची वाइंडिंग जातात, लाकडी टेकू कुजतात, गॅलऱ्या ढासळतात. रूरमधली शेवटची कोळसा खाण २०१८ मध्ये बंद झाली. तिथले पंप आजही चालूच आहेत, नाहीतर वरची गावं पाण्यात जातील. १९४५ च्या एप्रिलमध्ये ते पंप थांबले असते तर त्यानंतरच्या हिवाळ्यात जर्मनीत चूल पेटणं मुश्किल होतं. ते थांबले नाहीत. पण त्याचं श्रेय एकट्या मंत्र्याच्या नावावर टाकायला मी तयार नाही. खाणमालकांना आपली मालमत्ता हवी होती, कामगारांना उद्याची भाकरी. तिथल्या सैन्याचा प्रमुख फील्ड मार्शल मोडेल यानंही हुकूम पुरता अमलात आणला नाही. आणि वेळ होताच कुठे? हुकूम १९ मार्चचा, रूरला अमेरिकन फौजांचा वेढा पुरा पडला १ एप्रिलला. तेरा दिवस.

मोडेलनं २१ एप्रिलला जंगलात स्वतःला गोळी घालून घेतली. श्पेअर मात्र बोलायला मागे राहिला, आणि तो चांगलं बोलत असे.

मे महिन्यापासूनच तो बोलायला लागला. फ्लेन्सबुर्गजवळच्या एका किल्ल्यात अमेरिकन तज्ज्ञांनी त्याची कितीतरी दिवस चौकशी केली. त्यांच्यात जॉन केनेथ गालब्रेथ होते, पुढे नेहरूंच्या काळात दिल्लीला अमेरिकेचे राजदूत म्हणून आले तेच. १९४६ च्या जूनमध्ये, नाझी नेत्यांवरच्या न्यूरेम्बर्गच्या खटल्यात, पिंजऱ्यातून त्यानं सांगितलं की, हिटलरच्या बंकरच्या हवेच्या झरोक्यातून विषारी वायू सोडायचा आपला विचार होता, पण झरोक्याभोवती उंच धुराडं बांधलं गेलं आणि राहून गेलं. या कटाला त्याच्या शब्दापलीकडे फारसा आधार नाही. विध्वंस थांबवल्याची बाजू मात्र कोर्टानं उचलून धरली. स्वतःला धोका पत्करून त्यानं हा विध्वंस मुद्दाम हाणून पाडला, असं निकालपत्रात शिक्षा सौम्य होण्याच्या कारणांमध्ये नोंदलेलं आहे. त्याला वीस वर्षं झाली. त्याच्या कारखान्यांसाठी परदेशी मजूर पकडून आणणारा साउकेल फासावर गेला. माणसं मागणारा वाचला, पुरवणारा लटकला. ‘निरो’ प्रकरणाचा खरा उपयोग कोणाला झाला ते इथे दिसतं.

आता शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा दावा. श्पेअर १९६६ च्या १ ऑक्टोबरला मध्यरात्री सुटला, तीन वर्षांनी आत्मचरित्र काढलं आणि जगभर गाजला. त्यात १५ मार्चचं टिपण आहे. युद्ध चार ते आठ आठवड्यांत संपणार आणि लोकांच्या जगण्याचा पाया उडवायचा अधिकार कोणालाही नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे टिपण अस्सल आहे, आणि हिटलरच्या हाती असा कागद द्यायला छाती लागते हेही खरं. पण तीन दिवसांनी, १८ मार्चला त्यानंच लिहिलेलं दुसरं टिपण आत्मचरित्रात नव्हतं. ते इतिहासकार हाइनरिख श्वेंडेमान यांनी उजेडात आणलं. त्यात सल्ला असा, की सगळं बळ ऱ्हाईन आणि ओडर या दोन नद्यांवर एकवटा. आहे त्या रेषेवर आणखी काही आठवडे चिवटपणे झुंज दिली तर शत्रूच्या मनात धाक बसेल आणि शेवट कदाचित आपल्याला जरा बरा होईल.

इथे माझ्या लॉगबुकातली ओळ आठवा. “तपासणीसाठी काढला” हे धडधडीत खोटं होतं, पण ते मी फिटरला वाचवण्यासाठी लिहिलं. नुसतं लॉगबुक वाचणारा म्हणेल, नेहमीची देखभाल. तसंच श्पेअरचे चाहते म्हणतात, १८ मार्चचं टिपण हा बुरखा होता, हिटलर चिडू नये म्हणून लावलेला गूळ. मी या बाजूनं बराच विचार केला, कारण मी स्वतः असा कागद लिहिलेला आहे. पण बुरख्याला एक ओळ पुरते. मला दोन ओळी लिहायची गरज पडली नाही. फौजा कुठे एकवटायच्या आणि किती आठवडे धरायचं याचा आराखडा शस्त्रमंत्र्यानं आपणहून मांडावा, ही बुरख्याची लांबी नव्हे. मला वाटतं, त्याला दोन्ही हवं होतं: लढाई चालू राहावी आणि नंतरसाठी यंत्रंही शाबूत असावीत. त्या मार्च महिन्यात जर्मन सैन्याचे पावणेतीन लाखांहून जास्त सैनिक मेले. ‘आणखी काही आठवडे’ची किंमत ती होती.

यंत्रांविषयी त्याला माया होती यात शंका नाही. माणसांविषयी काय? १९४४ मध्ये जर्मनीत सत्तर लाखांहून जास्त परदेशी माणसं राबत होती, बहुतेक जबरदस्तीनं आणलेली. १० डिसेंबर १९४३ ला तो डोरा छावणीचे बोगदे पाहायला गेला. तिथे रॉकेटचा कारखाना उभा करायला कैदी जमिनीखालीच ठेवलेले होते, तिथेच राबत, तिथेच झोपत, तिथेच मरत. आठवड्याभरात त्यानं बांधकाम करणाऱ्या एसएसच्या, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाच्या, अधिकाऱ्याला पत्र लिहून इतक्या थोड्या वेळात काम केल्याबद्दल शाबासकी दिली. ६ ऑक्टोबर १९४३ ला पोझेनला एसएसचा प्रमुख हिमलर यानं ज्यूंच्या संहाराबद्दल उघड भाषण केलं, तेव्हा मी निघून गेलो होतो, असं श्पेअर जन्मभर सांगत राहिला. १९७१ मध्ये एका बेल्जियन बाईंना लिहिलेल्या खाजगी पत्रात त्यानंच कबूल केलं की मी तिथे होतो. ते पत्र २००७ मध्ये बाहेर आलं. श्पेअर १९८१ मध्ये लंडनला मेला होता, बीबीसीच्या मुलाखतीसाठी गेला असताना.

पेपराचं म्हणाल तर, ‘सदसद्विवेकबुद्धी’खाली लिहू नका. तपासणारा वाचलेला निघाला तर मार्क जातील. अडीचशे शब्दांच्या उत्तरात ३० मार्चचा दुसरा हुकूम आणि १८ मार्चचं टिपण या दोन गोष्टी बसवता आल्या, तर हितसंबंधांच्या संघर्षाचं उदाहरण म्हणून मात्र तो झकास आहे. आणि शेजारच्या टेबलाला सांगा, १५ मार्चचं टिपण बनावट नाही. सगळंच खोटं म्हणणं हाही आळस आहे.

प्रश्न: पॅरिस बेचिराख करायचा हिटलरचा हुकूम न पाळणारा जनरल कोल्टिट्स तरी खरा नायक ना? मी पॅरिसला टूरबरोबर गेलो होतो तेव्हा गाइडनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं.
– एक वाचक, वसई

उत्तर: गाइडचं पोट त्यावर आहे, त्याला दोष देऊ नका.

कोल्टिट्स ऑगस्ट १९४४ च्या दुसऱ्या आठवड्यात पॅरिसचा लष्करी प्रमुख म्हणून आला आणि २५ तारखेला शरण गेला. इन मीन अडीच आठवडे. २३ ऑगस्टचा हुकूम खरा आहे: पॅरिस शत्रूच्या हाती पडलंच तर भग्नावशेष म्हणूनच पडलं पाहिजे. त्यानं शहर उडवलं नाही हेही खरं. पण त्याच्याकडे सैन्य तुटपुंजं होतं, रस्त्यांवर फ्रेंच लोकांनी मोर्चे बांधले होते आणि फ्रेंच रणगाडे वेशीवर आले होते. एवढं मोठं शहर जमीनदोस्त करायला माणसं, गाड्या आणि दिवस लागतात. त्यातलं त्याच्यापाशी काहीच पुरेसं नव्हतं. स्वीडनचे वाणिज्यदूत नॉर्डलिंग यांच्यामार्फत त्यानं काही दिवसांचा तात्पुरता तह चालू दिला, ही त्याची जमेची बाजू, आणि ती मी खोडणार नाही.

पकडल्यावर त्याला इंग्लंडात ट्रेंट पार्क नावाच्या हवेलीत ठेवलं. तिथे जर्मन सेनापतींची बडदास्त चांगली होती, बागेत फिरायला मोकळीक होती, आणि भिंतींत मायक्रोफोन लपवलेले होते. तळघरात बसलेले लोक सगळं टिपून घेत. ऑगस्ट संपायच्या आतच कोल्टिट्स सोबतच्या एका अधिकाऱ्याला सांगताना ऐकू आला, की आपल्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम म्हणजे ज्यूंचा निकाल लावणं, आणि ते आपण अगदी शेवटपर्यंत चोख पार पाडलं.

पॅरिसचा हुकूम तेव्हा सहा दिवसांचा जुना होता.